पेशंट 'नको' म्हणतोय, आता काय करायचं? मेडिकलच्या इंटरव्ह्यूतला हा प्रश्न सोप्या भाषेत

रविवारी दुपारी पेशंट संपले की माझ्या दवाखान्यातल्या बाकावर तीन-चार पोरं-पोरी येऊन बसतात. सोलापूरच्या पूर्वभागात छोटासा दवाखाना आहे माझा, मागच्या गल्लीत अजून यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो, आणि पुढं ही पोरं, बारावी झालेली, 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिलेली. कुणाला पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजचं, बोलावणं आलेलं असतं, कुणाचा मामा इंग्लंडात आहे म्हणून तिकडच्या मेडिकल स्कूलला अर्ज टाकलेला असतो. त्यांचा इंटरव्ह्यूचा सराव घ्यायचा म्हणून मी त्यांना बसवते.

आता तुम्ही म्हणाल की आपल्याकडं एमबीबीएसला इंटरव्ह्यू असतोच कुठं, नीटचे मार्क, मग कॅप राउंड म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्या, संपला विषय. बहुतेक पोरांसाठी खरंय ते. पण एएफएमसी नीटच्या मार्कांवरून निवडक पोरं बोलावते आणि मग तिथं इंटरव्ह्यू होतो, आणि परदेशात तर इंटरव्ह्यूशिवाय ॲडमिशनच होत नाही बऱ्याच ठिकाणी. इंग्लंडमध्ये बऱ्याच कॉलेजांत एमएमआय नावाची पद्धत आहे, म्हणजे एकच मोठी मुलाखत घेण्याऐवजी लागोपाठ छोट्या छोट्या मुलाखती, प्रत्येकीला साधारण पाच ते दहा मिनिटं, घंटी वाजली की पुढच्या टेबलावर जायचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत निघाली. त्यातल्या एखाद्या टेबलावर हमखास हा प्रश्न असतो, की डॉक्टर एक म्हणतोय आणि पेशंट दुसरंच, तुम्ही काय कराल. आणि ज्यांना इंटरव्ह्यू नाही त्यांनीही वाचा, कारण २०१९ च्या बॅचपासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एटकॉम आलंय, वागणूक, नीती आणि संवाद, तिथं हेच सगळं पुन्हा भेटणार आहे.

मी सरावाला एकच केस देते. बासष्ट वर्षांच्या अम्मा, बिड्या वळतात, पंधरा वर्षांपासून शुगर, उजव्या पायाचं बोट काळं पडलंय, सर्जन म्हणाले बोट काढावं लागेल, अम्मा म्हणतात नको, मला घरी सोडा. तुम्ही वॉर्डातले ज्युनियर डॉक्टर आहात. बोला.

गेल्या खेपेला जुळे सोलापूरचा एक हुशार पोरगा होता, त्यानं दहा सेकंदांत उत्तर दिलं, "मी त्यांना कन्व्हिन्स करेन." कसं करशील विचारलं तर म्हणाला की ऑपरेशन नाही केलं तर जीव जाईल असं समजावून सांगेन. त्याच्या शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "नाही मॅडम, पेशंटची ऑटोनॉमी असते, स्वतःचं स्वतः ठरवायचा हक्क असतो, मी त्यांचा निर्णय रिस्पेक्ट करेन आणि फॉर्मवर सही घेईन." तिनं कुठल्यातरी उत्तरांच्या पीडीएफमधून ते पाठ केलं होतं.

दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट वाटतात ना, पण नीट बघा, दोघांनी एकच गोष्ट सोडली. अम्मांना कुणी विचारलंच नाही, का नको म्हणताय म्हणून. एकानं त्यांना हरवायचं ठरवलं, दुसरीनं त्यांना सोडून द्यायचं ठरवलं, आणि अम्मा दोन्ही वेळा पलंगावर एकट्याच राहिल्या. माझ्या मते या प्रश्नातली निम्मी लढाई इथंच आहे. समोरच्या परीक्षकाला तुमचा निकाल ऐकायचा नसतोच, बोट काढायचं की नाही हे सर्जन बघतील, बारावीच्या पोराकडून कुणी ती अपेक्षा धरत नाही. त्यांना बघायचं असतं की 'नको' ऐकल्यावर तुम्हाला राग येतो, भीती वाटते, की उत्सुकता वाटते.

काही ठिकाणी ही केस नुसती तोंडी विचारत नाहीत, समोर खरंच एक बाई पेशंट बनून बसवतात आणि म्हणतात, बोला यांच्याशी. मग आम्हीही तसंच करतो, मी अम्मा होते. त्या मुलीलाच परत बसवलं.

"अम्मा, मी इथली ज्युनियर डॉक्टर. बसू का तुमच्याजवळ?"

"बस की."

"सकाळी सर सांगून गेले, ते ऐकून कसं वाटलं तुम्हाला?"

"कसं वाटणार? तोडा म्हणतेत."

इथं ती अडकली. तिला वाटलं आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, शुगरचं, जंतूंचं. मी म्हटलं गप्प बस, पाच सेकंद गप्प बस. मग तिनं विचारलं, "अम्मा, कशाची जास्त काळजी वाटते?" आणि मी तेच सांगितलं जे मला इथं एका खऱ्या पेशंटनं सांगितलं होतं. शेजारणीचं आधी बोट काढलं, मग पाऊल काढलं, मग गुडघ्याखालचा पाय काढला, मग ती गेली. म्हणून मी बोटाला हात लावू देणार नाही.

बघा आता. ही बाई अडाणी आहे का? हट्टी आहे का? तिनं डोळ्यांनी जे बघितलं त्यावरून एकदम सरळ हिशोब मांडलाय, कापलं की वाढतं. हिशोबात चूक नाहीये, फक्त त्यात एक माहिती कमी पडलीय, की शेजारणीचं जे वाढत गेलं ते कापल्यामुळं नाही तर पायाला रक्त नीट पोचत नव्हतं, जंतू पसरत होते, शुगर ताब्यात नव्हती, म्हणून वाढलं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण कारणच माहीत नसेल तर तुम्ही तासभर "जीव जाईल, जीव जाईल" म्हणत बसाल आणि अम्मांच्या डोक्यात शेजारीणच चालू राहील.

आणि सांगताना खोटं वचन द्यायचं नाही. "बोट काढलं की पुढं काहीच होणार नाही" असं पोरं उत्साहात बोलून जातात, ते चूक आहे, कारण पुढंही वाढू शकतं. खरं वाक्य असं की पुढं वाढणारच नाही असं मी सांगू शकत नाही, पण आत्ता हे असंच ठेवलं तर जंतू रक्तात जायचा धोका जास्त आहे, आणि तसं झालं तर पाय किंवा जीवही जाऊ शकतो, आणि पायाच्या रक्तवाहिन्या तपासून रक्त वाढवता येतंय का तेही आपण सर्जनना विचारू. एवढं प्रामाणिक बोललं की लोक ऐकतात, हे मी रोज बघते.

कारणं काय काय निघतात याची यादी कधी संपत नाही. पैसा असतो, मग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते दवाखान्यातल्या त्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला विचारायचं, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात त्यांना गाठायचं. काम असतं, मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणारीला पाय कसा ठेवायचा, माल द्यायला कारखान्यात कसं जायचं ही खरी अडचण असते. मुलगा भिवंडीला असतो आणि तो येईपर्यंत थांबा एवढंच म्हणणं असतं. आणि कधी कधी भाषाच असते. आपल्या सोलापुरात घरात तेलुगू, बाजारात मराठी, पाहुण्यांत कन्नड, शेजारी उर्दू असं चालतं, आणि डॉक्टर इंग्रजी मिसळलेल्या मराठीत गँगरीन म्हणून निघून जातात. पेशंट मान हलवतो आणि आपल्याला वाटतं समजलं. इथली पोरं इंटरव्ह्यूत डॉक्टर कोटणीसांचं नाव घेतातच, भैय्या चौकातलं स्मारक बघितलेलं असतं, १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले हे पाठ असतं. मी त्यांना म्हणते की हेही सांगा, तो माणूस तिथं जाऊन चिनी शिकला, जखमी माणसाला त्याच्या भाषेत विचारता यावं म्हणून.

आता थोडं नियमांकडं येऊ, कारण नुसतं गोड बोलणं पुरत नाही, पाया पक्का लागतो.

पहिली गोष्ट, सज्ञान आणि शुद्धीवर असलेला माणूस उपचार नाकारू शकतो, तुम्हाला तो निर्णय कितीही चुकीचा वाटला तरी. पण तो निर्णय घ्यायच्या अवस्थेत आहे का हे बघणं डॉक्टरचं काम आहे. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्यात याच्या चार खुणा सांगितल्यात आणि त्या लक्षात ठेवायला फार सोप्या आहेत: सांगितलेलं समजतंय का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहतंय का, फायदा-तोटा तोलता येतोय का, आणि ठरवलेलं सांगता येतंय का, मग ते बोलून असो नाहीतर खुणेनं. त्याच कायद्यात असंही आहे की निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून त्या माणसाला अक्कल नाही असं धरायचं नाही. आणि हे दिवसागणिक बदलू शकतं बरं का. आज दुपारी व्यवस्थित बोलणाऱ्या अम्मा रात्री ताप चढून भ्रमात गेल्या तर तेव्हाचं 'नको' आणि दुपारचं 'नको' एक नाही. हा मुद्दा जो पोरगा स्वतःहून काढतो त्याला मी मनातल्या मनात जास्त मार्क देते.

समजलं का हे बघायचं कसं, तर "समजलं ना अम्मा?" असं विचारून नाही, त्याला सगळे हो म्हणतात. असं म्हणायचं, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल ते मला सांगा बरं." ओझं आपल्या सांगण्यावर घ्यायचं, त्यांच्या समजण्यावर टाकायचं नाही.

दुसरी गोष्ट, काय काय सांगायचं. आपल्या सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली खटल्यातला निकाल यासाठी माहीत असावा. बाई तपासणीसाठी लॅप्रोस्कोपीला, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघायला, गेल्या, भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. कोर्ट म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नाही, बाई सज्ञान होत्या, जिवावर बेतलेली तातडी नव्हती, मग शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आईची संमती चालणार नाही. आणि पेशंटला काय सांगायचं तेही त्यात आलंय: उपचार काय आहे आणि कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल. इंग्लंडला जाणाऱ्यांनी २०१५ चा माँटगोमेरी खटला बघावा. शुगर असलेली, चणीनं लहान बाई, बाळाचे खांदे अडकायचा धोका होता पण सांगितलं तर ती सिझेरियन मागेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलंच नाही, बाळाला कायमची इजा झाली. तिथल्या कोर्टानं म्हटलं की त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच पाहिजे. खटल्यांची नावं ठोकून द्यायची गरज नाही इंटरव्ह्यूत, पण हे माहीत असलं की बोलण्यात आपोआप वजन येतं.

बरं, सगळं विचारलं, सगळं सांगितलं, मुलाला फोन लावून दिला, दुसऱ्या सर्जनचं मत घेऊ का म्हणून विचारलं, एक रात्र विचार करा म्हटलं, तरी अम्मा नकोच म्हणाल्या. मग? मग डामा. सगळ्या वॉर्डांत हा शब्द चालतो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. इथं बहुतेक पोरांचं उत्तर संपतं आणि मला वाटतं खरं उत्तर इथून सुरू होतं. त्या कागदावर सही झाली म्हणून अम्मा तुमच्या पेशंट नाहीत असं होत नाही. ड्रेसिंग कुठं आणि कधी करायचं, गोळ्या कुठल्या, ताप आला, लाली वर चढली, वास यायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला तर रात्रीचे दोन वाजले तरी या, हे सांगायचं, शक्य तर घरच्या माणसासमोर त्यांच्या भाषेत सांगायचं. काय बोलणं झालं ते केसपेपरवर लिहायचं, सिनियरना कळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंड वाकडं करायचं नाही. "एवढं सांगितलं तरी ऐकत नाही, जा आता" असं एक वाक्य नर्स किंवा डॉक्टर बोलून गेले ना, की अम्मा चार दिवसांनी पाय आणखी काळा झाला तरी लाजेनं परत येत नाहीत. मी अशी उशिरा आलेली माणसं बघितलीत, त्यांना आजारापेक्षा त्या वाक्याची भीती होती.

आता उलटी बाजू. मतभेद म्हणजे नेहमी पेशंट नको म्हणतो असं नाही, आपल्याकडं तर जास्त वेळा पेशंट 'द्या' म्हणतो. "मॅडम, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." रोज. इथं पोरं ऑटोनॉमीचा नियम उलटा लावतात आणि फसतात. पेशंट नाकारू शकतो, पण गरज नसलेलं किंवा घातक काही द्यायला डॉक्टरला भाग पाडू शकत नाही, हे दोन हक्क सारखे नाहीत. तरी "गरज नाही" एवढं बोलून भागत नाही, तो माणूस शेजारच्या दवाखान्यात जाऊन लावून घेईल. मी बाटली हातात घेऊन दाखवते. ही पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली, यात पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे घरातले पाच-सहा चमचे, बाकी पाणी. तोंडानं जेवता येतंय, उलट्या नाहीत, मग सुई टोचून साखरपाणी कशाला घ्यायचं? आणि मग पुन्हा तोच प्रश्न, अशक्तपणा म्हणजे नेमकं काय होतंय? परवा एक बाई म्हणाली जिना चढला की धाप लागते, हिमोग्लोबिन केलं तर सात, म्हणजे फारच कमी. सलाईन मागण्यामागं खरा आजार होता, ती फक्त तिला माहीत असलेलं औषध मागत होती. अँटिबायोटिकचा हट्ट, एमआरआयचा हट्ट, सगळ्याला हेच लागू.

उपवासाची केसही तुम्हाला मिळू शकते. आपला जिल्हा पंढरपूरचा, इन्सुलिनवर असलेले आजोबा वारीला निघालेत आणि एकादशीला निर्जळी करणार म्हणतात, किंवा चाचांना रमजानचे रोजे ठेवायचेत. "नका करू" म्हणालात तर ते तुम्हाला न सांगता करतील, आणि न खाता नेहमीचं इन्सुलिन घेतलं तर शुगर उतरून चक्कर येऊन पडतील. त्यापेक्षा महिनाभर आधी बसून बोला, डोस कसा बदलायचा ते त्यांच्या फिजिशियनकडून ठरवून घ्या, शुगर किती खाली गेली की उपवास सोडायचा ते आधीच ठरवा, खिशात साखर ठेवा, वारीत पाय रोज बघा कारण शुगरवाल्याला काटा टोचलेला कळत नाही. श्रद्धेशी वाद घालू नका. तिला बरोबर घेऊन चालता येतं.

काही केसेस मात्र वेगळ्या आहेत आणि तिथं एवढा वेळ नाही. बेशुद्ध माणूस अपघातातून आला आणि जवळ कुणी नाही, तर उपचार सुरू करायचे, सहीसाठी थांबायचं नाही. लहान मुलाचे आई-वडील जीव वाचवणारा उपचार नाकारतायत, तर मुलाचं हित आधी, सिनियर, हॉस्पिटलचं प्रशासन, लागलं तर कोर्ट, एकट्यानं ठरवायचं नाही. क्षयरोगी म्हणतो कुणाला कळवू नका, तर २०१२ पासून टीबीची सरकारकडं नोंद सक्तीची आहे, ती करावीच लागते, पण त्याच्या शेजाऱ्याला किंवा मालकाला सांगायचा अधिकार तुम्हाला नाही. सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, घरचे कितीही भांडले तरी.

आणि एक आपल्याकडची खास केस, मुलगा दाराबाहेर ओढून सांगतो, "बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका, खचतील." इंग्रजी पीडीएफमध्ये याचं उत्तर एका ओळीत असतं, गोपनीयता पेशंटची, विषय संपला. पण तो मुलगा शत्रू नाही, तो घाबरलाय. त्याला आधी बसवायचं, कशाची भीती वाटते विचारायचं, मग सांगायचं की मी स्वतःहून काही लादणार नाही पण बाबांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मग बाबांनाच विचारायचं, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल, की मी मुलाशी बोलू? काही जण खरंच म्हणतात मुलाशी बोला, आणि तोही त्यांचाच निर्णय झाला. बऱ्याचदा बाबांना आधीच अंदाज आलेला असतो आणि ते मुलाला त्रास नको म्हणून गप्प असतात.

इंटरव्ह्यूत परीक्षक मध्येच केस बदलतात, घाबरू नका, ते तुम्हाला पाडायला नाही. "आता समजा अम्मांचा मुलगा म्हणतोय काहीही करून सही घ्या," किंवा "समजा अम्मांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे." अशा वेळी आधीचं उत्तर रेटत बसू नका, सरळ म्हणा की हे नवीन कळलं म्हणून माझं उत्तर असं बदलेल. आणि कृपा करून पाठ करू नका. विचार मराठीत करा, घरात जसा करता तसा, मग इंग्रजीत बोला, व्याकरण थोडं चुकलं तरी चालतं.

सराव कुठं करायचा विचारतात पोरं. घरात करा. प्रत्येक घरात एक माणूस असतो जो औषध घेत नाही, त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा, एकही सल्ला द्यायचा नाही, फक्त का ते शोधून यायचं. त्या पीडीएफवाल्या मुलीला मी हेच काम दिलं होतं. तिची आजी इन्सुलिन टाळते, घरात सगळे म्हणायचे सुईला घाबरते. पुढच्या रविवारी ती आली ते जरा गप्पच. म्हणाली, "मॅडम, आजी सुईला घाबरत नाही. आमचा फ्रीज दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून ती कुपी शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असते, आणि रोज दोनदा त्यांचं दार वाजवायला तिला लाज वाटते."

मग आम्ही तासभर इंटरव्ह्यू सोडून इन्सुलिनवरच बोललो. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर फ्रीजबाहेर चालते पण पंचवीस-तीस डिग्रीपर्यंत, आपल्या मे महिन्यातल्या बेचाळीस डिग्रीत नाही, मग ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत ठेवायची, मडकं सावलीत, वाळू रोज ओली करायची. न उघडलेल्या कुप्या तेवढ्या काकूंकडं राहू देत. ती मुलगी उठली आणि जाताना कुंभाराकडं जायचंय म्हणाली.